सगळे मालक कामावर

मोजपात्रात पाणी ओतलं की त्याचा पृष्ठभाग सपाट राहत नाही. काचेला लागून पाणी किंचित वर चढतं आणि मधोमध उथळ खळगा पडतो. आकडा वाचायचा तो खळग्याच्या तळाशी, आणि तोही डोळा बरोबर त्या पातळीला आणून. वरून पाहिलं तर पाणी जास्त दिसतं, खालून पाहिलं तर कमी. पाणी मात्र तेवढंच असतं.

अक्काने दिवसातलं पहिलं मोजपात्र डोळ्यांसमोर धरलं. खळग्याचा तळ पन्नासच्या रेघेवर अलगद टेकला होता. तिने पात्र उजवीकडे ठेवलं, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की शेजारच्या दालनातून कसलाच आवाज येत नाही.

रविवार होता हे खरं, पण आज सगळे येणार होते. पाच वाजता ट्रक यायचा होता. मंगळवारपासून शाळांमध्ये प्रयोगपरीक्षा सुरू व्हायच्या होत्या आणि त्यांची मोजपात्रं या कारखान्यातून जायची होती. पात्रं घडवून, रेघा उमटवून तयार होती. धुणं, कडा तपासणं, कागदात गुंडाळणं आणि खोक्यांत भरणं तेवढं बाकी होतं.

तपासणीच्या खोलीचं दार उघडून ती बाहेर आली. लांबलचक टेबलं रिकामी होती. बर्नर विझलेले होते, खुंट्यांवर कातडी एप्रन ओळीने लटकत होते. मधोमध तिचे वडील, अप्पा, उभे होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात दोरीला बांधलेलं, सेकंद मोजायचं खटक्याचं घड्याळ. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पण पाठ अजून पट्टीसारखी.

"माणसं कुठायत?" त्यांनी विचारलं, जणू अक्काने ती खोलीत लपवून ठेवली होती.

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ फाटकातून आत आला. त्याला घरी-दारी सगळे भाऊच म्हणत. चेहरा असा फुललेला, की आत्ताच कुणाचं तरी बारसं करून आला असावा.

"गेली एकदाची बस! काय खूश होती मंडळी. मिस्त्री तर टोपी घालून आलेले."

"कसली बस?" अप्पा म्हणाले.

"सहलीची. तळ्यावर जाणार, उद्या सकाळी परत. महिनाभरापूर्वी एकेकाला भेटून सांगितलंय मी. पोराबाळांना घेऊन या म्हटलं."

अप्पांनी दाराशेजारच्या काळ्या फळ्याकडे बोट केलं. त्यावर त्यांच्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं: रविवार, सर्वांनी हजर राहावे. ट्रक पाच वाजता.

भाऊचा चेहरा उतरला. मग तो एकदम समोरच्या भिंतीकडे वळला. "थांबा. पिटूचं काय म्हणणं होतं?"

पिटू ऊर्फ पिटुकली म्हणजे भाऊची मुलगी. आता बापापेक्षा वीतभर उंच झाली होती, तरी नाव तेच राहिलं होतं. व्यवस्थापनाची पदवी घेऊन आल्यापासून समोरची भिंत तिची होती. तिथे रंगीत चिठ्ठ्या लागत आणि कोणतं काम कधी करायचं ते कामगार आपापसांत ठरवत. गुंडाळणी या निळ्या चिठ्ठीखाली सगळ्यांनी मिळून लिहिलं होतं: सोमवार.

पिटू आईबरोबर, म्हणजे वहिनींबरोबर, मागोमाग आलीच होती. ती भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. "ट्रक आज आहे हे मला कुणी सांगितलंच नाही."

"फळ्यावर होतं," अप्पा म्हणाले.

"फळा कोण वाचतं, आजोबा?"

"पंचावन्न वर्षं सगळे वाचतायत."

"म्हणजे मिस्त्रींनी फळा वाचला, ह्यांचं ऐकलं आणि चिठ्ठी बघितली," वहिनी म्हणाल्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या. "एकाविरुद्ध दोन. बहुमताने तळ्यावर गेले. हुशार माणूस!"

अक्काला हसू आलं, पण ती हसली नाही. उद्या एका मोठ्या कंपनीला उत्तर द्यायचं होतं. कारखाना विकत घ्यायला ते तयार होते. अप्पांनी घरात सांगून टाकलं होतं, की एका म्यानात तीन तलवारी मावत नाहीत. तुम्ही तिघांनी मिळून एक माणूस पुढे करा, ज्याचं बाकीचे ऐकतील, नाहीतर मी त्यांना हो म्हणतो. ते बोलताना त्यांनी पाहिलं होतं अक्काकडे. भाऊ आणि पिटूनेही तिच्याकडेच पाहिलं होतं. कारखाना तू सांभाळ म्हटलं, की दोन वर्षं ती प्रत्येक वेळी "बघू" म्हणत होती. तपासणीच्या खोलीतली शांतता सोडवत नव्हती, हे एक कारण. दुसरं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. अप्पांकडे घड्याळ होतं, भाऊकडे माया होती, पिटूकडे पुस्तकं होती. माणसं चालवण्याचा आपला म्हणून एकही मंत्र तिच्यापाशी नव्हता.

"बस परत बोलावू," अप्पा म्हणाले.

"नाही!" भाऊ आणि पिटू एका सुरात ओरडले. बापलेकींचं एकमत झालेलं पाहून वहिनींनी अक्काला डोळा मारला.

"मग आपण करू," अक्का म्हणाली. "पाचजण आहोत."

"पाच मालक," वहिनी म्हणाल्या. "आणि कामगार शून्य. काम झालंच म्हणून समजा."

सुरुवात अप्पांनी केली, कारण सुरुवात नेहमी तेच करत आले होते. त्यांनी सगळ्यांना टेबलामागे उभं केलं, एक पात्र उचललं, कागदावर तिरकं ठेवलं, दोन घड्या, एक वळसा, टोक आत. "हालचाली चार. पाचवी केली तर ती वाया. सूनबाई, तू घे." आणि घड्याळाचा खटका दाबला.

वहिनींनी एक गुंडाळलं.

"सात हालचाली."

"अहो अप्पा, त्यातली एक नाक खाजवायची होती."

"तीच वाया."

वहिनींनी दुसरं गुंडाळलं, तिसरं गुंडाळलं. अप्पा प्रत्येक वेळी खटका दाबत आणि सेकंद सांगत. पाचव्या पात्रानंतर वहिनी शांतपणे बाजूला झाल्या, एक रिकामं खोकं पालथं घातलं आणि त्यावर बसल्या.

"हे काय?" अप्पा म्हणाले.

"संप."

"पाच पात्रांत?"

"शाळेत पन्नास पोरं सांभाळते मी. कुणी माझ्या मानेवर घड्याळ धरत नाही. मागण्या ऐका. बसायला खुर्ची, प्यायला चहा, आणि माझ्या नाकाला स्वातंत्र्य."

"भाऊ, तुझ्या बायकोशी बोल!"

भाऊ हे काम आनंदाने करायला धावला. त्याने वहिनींच्या शेजारी दुसरं खोकं ओढलं, आवाज मऊ केला आणि कामगारांशी बोलताना घालायचा तो चेहरा घातला. "मग, घरी कसं काय? सगळं ठीक ना?"

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला माहीत नाही? तुम्ही तिथेच राहता."

पिटू टेबलावर डोकं टेकून हसली. भाऊही हसला, पण उठला नाही. चहा झाला. मग चहाबरोबर बिस्किटं आली. मग वहिनींच्या शाळेतल्या नव्या मुख्याध्यापिकेची गोष्ट निघाली आणि ती इतकी रंगली, की अक्कासुद्धा वेळ पाहणं विसरून ऐकत राहिली. सगळे अतिशय सुखात होते. एकही पात्र गुंडाळलं जात नव्हतं.

"आता माझी पाळी," पिटू म्हणाली. "कुणी कुणाला सांगायचं नाही. ही कामं, या चिठ्ठ्या. ज्याला जे जमेल, ते त्याने उचलायचं. आपल्या कामाचे मालक आपणच."

तिने चार चिठ्ठ्या लावल्या: धुणं, कडा, गुंडाळणी, पत्ते लिहिणं. लगेच तीन हात एकाच वेळी पत्त्यांच्या चिठ्ठीवर पडले, कारण ते काम बसून करायचं होतं. अप्पांचा हात सगळ्यांत खाली होता, म्हणजे तो पहिला पडला होता.

"आजोबा, तुम्हीसुद्धा?"

"माझं अक्षर चांगलं आहे," अप्पा ताठ मानेने म्हणाले.

अक्का धुण्याच्या हौदापाशी गेली. ती चिठ्ठी कुणीच उचलली नव्हती. कोमट पाण्यात हात घालून ती एकेक पात्र विसळू लागली आणि नेहमीसारखी विचारात पडली.

अप्पांच्या वडलांच्या काळी हा कारखाना ओरडण्यावर चालायचा. ज्याचं तोंड आवडलं त्याला काम, ज्याने सलाम ठोकला त्याला जास्त पैसे. मग तरुण अप्पा घड्याळ घेऊन आले. सगळ्यांनी शिव्या घातल्या, पण महिन्याभरात लोकांना कळलं की घड्याळाला भाचा नसतो आणि पुतण्या नसतो. सगळ्यांना एकच माप. त्या काळात याहून मोठा न्याय कुणी पाहिला नव्हता. पुढे मात्र सारं काही मापात असूनही चांगले कारागीर एकामागून एक सोडून जाऊ लागले. का, ते घड्याळ सांगेना. भाऊ तेव्हा नुकता मिसरूड फुटलेला. त्याने दालनाच्या भिंती रंगवायच्या ठरवल्या आणि प्रत्येकाला विचारलं, रंग कोणता? काम वाढलं. पुढे रंग उडाला, पोपडे आले, तरी काम वाढलेलंच राहिलं. रंगाने काही झालं नव्हतं. कुणीतरी विचारलं होतं, त्याने झालं होतं. आणि आता रेघा उमटवायची यंत्रं आली होती. ती चालवणाऱ्याला जे कळतं ते वरून कुणालाच कळत नाही, म्हणून पिटूची भिंत आली.

प्रत्येक उपकरणाला पल्ला असतो. तापमापी ज्या पट्टीसाठी केली असेल तिथेच खरं सांगते. त्याच्या पलीकडे गेली, की तीच तापमापी खोटं बोलते, आणि तरी ती बिघडलेली नसते. घरातले तिघे वर्षानुवर्षं एकमेकांना खोटं ठरवत आले होते. अक्काला वाटलं, हे आपल्याला आधी का सुचलं नाही? मग वाटलं, सुचलं होतं. म्हणायचं कुणी, एवढाच प्रश्न होता.

ती मागे वळली. टेबलापाशी पिटू आणि अप्पा डोक्याला डोकं लावून उभे होते.

"खरं सांगू, आजोबा? मला पण मोजायला आवडतं," पिटू हळू आवाजात म्हणत होती. "मी फोनवर मोजते. कुणाला सांगू नका."

"मला माहीत होतं," अप्पा म्हणाले. "लहानपणी जिन्याच्या पायऱ्या मोजल्याशिवाय तू वर यायची नाहीस."

"अरे वा," भाऊ म्हणाला. "म्हणजे मी एकटा पडलो?"

"मी आहे ना," वहिनी म्हणाल्या. "संप मिटला की येते."

काम असंच लंगडत चाललं. दुपार उतरली तेव्हा खोकी निम्मीसुद्धा भरली नव्हती. अप्पा पत्ते सोडून गुंडाळणीला आले होते, आणि सवयीने त्यांनी घड्याळ स्वतःवरच लावलं. अक्काने ते लांबून पाहिलं. एक पात्र. खटका. दुसरं पात्र. खटका. बोटं वळत नव्हती, कागदाचं टोक आत जात नव्हतं. तिसऱ्यानंतर त्यांनी घड्याळाकडे नुसतंच बघितलं आणि दोरी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली.

वहिनींनी हातातला कागद खाली ठेवला.

"या वेगाच्या माणसाला," अप्पा म्हणाले, "मी कामावर ठेवलं नसतं."

भाऊ काहीतरी गोड बोलायला पुढे झाला. अक्काने त्याला डोळ्यांनीच थांबवलं. अप्पांना गोड बोललेलं कधी चालत नसे. ती हौदावरून धुतलेल्या पात्रांचा ट्रे घेऊन आली आणि तो त्यांच्यापुढे ठेवला.

"अप्पा, तुमचा अंगठा द्या."

"काय?"

"कडेवरून फिरवा. मला भिंग लागतं, आणि पिटूला तर भिंगातूनही दिसत नाही."

"ए आत्या!"

अप्पांनी अंगठा फिरवला. एक पात्र पुढे सरकवलं, दुसरं सरकवलं, तिसऱ्यावर अंगठा थांबला. त्यांनी ते बाजूला काढलं. अक्काने भिंगाखाली धरलं. कडेला केसाएवढा टवका होता.

"याला किती सेकंद लागले?" त्यांनी विचारलं.

"मोजले नाहीत. शाळेतल्या पोराचं बोट कापलं नाही, एवढं माप पुरे."

अप्पांनी खुर्ची ओढली. घड्याळ टेबलावरच राहिलं.

मग अक्काने एकेकाला विचारायला सुरुवात केली. सल्ला दिला नाही, नुसतं विचारलं. वहिनी, तुमचं कुठे अडतंय? कागद लांब ठेवलेत हो वन्सं, प्रत्येक वेळी वळावं लागतं, कंबर गेली. पिटू, तू? हौद तिकडे, टेबल इकडे, ओली पात्रं घेऊन चालण्यातच वेळ जातोय. मग हलवू का टेबलं? हलवायचीच तर अशी लावू, आत्या, हौदापासून दारापर्यंत सरळ ओळ. पिटू खडूने जमिनीवर रेघा ओढू लागली आणि अप्पा खुर्चीतून सांगू लागले, की खांबापासून हातभर सोड, नाहीतर खोकी आपटतील. टेबलं सरकली. वहिनींना खुर्ची मिळाली. संप अधिकृतपणे मिटल्याचं त्यांनी टाळ्या वाजवून जाहीर केलं आणि थोड्या वेळाने त्यांच्या एका पात्राला खरोखरच चार हालचाली लागू लागल्या. हे फक्त अप्पांच्या लक्षात आलं. ते अंगठा फिरवता फिरवता गुणगुणू लागले.

"आणि मी?" भाऊ म्हणाला. त्याच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. त्याने गुंडाळलेली पात्रं कागदातून निसटत, त्याने भरलेली खोकी वाजत.

अक्काने उत्तर द्यायच्या आधीच बाहेर भोंगा वाजला. ट्रक आला होता. चार वाजले होते.

"तासभर लवकर!" पिटू किंचाळली. "अजून निम्मं बाकी आहे. तो निघून जाईल."

"भाऊ, तू बाहेर जा," अक्का म्हणाली.

"जाऊन काय करू?"

"तू रोज करतोस तेच."

भाऊ बाहेर गेला. दाराच्या फटीतून त्यांना आवाज येत होता. आधी ड्रायव्हरचा चढा सूर, मला पुढं दोन ठिकाणी जायचंय, मालक, थांबायला वेळ नाही. मग भाऊचा मऊ सूर. मग दोघांचं हसणं. मग बराच वेळ ड्रायव्हरचा एकट्याचा आवाज. त्याच्या गुडघ्याबद्दल, मुलीच्या परीक्षेबद्दल, बायकोच्या भावाबद्दल. वहिनी गुंडाळता गुंडाळता ऐकत होत्या.

"पंचवीस वर्षं मी म्हणते, या माणसाला काम येत नाही. येतं हो."

थोड्या वेळाने ड्रायव्हर बाह्या सरसावून आत आला. "कुठली खोकी उचलायची? मंगळवारी माझ्या पोरीचीपण हीच परीक्षा आहे म्हणे." त्याच्या मागे भाऊ होता. अर्जुनाने मासा मारल्यावर जसं केलं असेल, तसा तो अक्काकडे बघून मान हलवत होता.

मग बोलणं कमी झालं आणि काम आपोआप वाहू लागलं. हौदातून अप्पांच्या अंगठ्याखाली, तिथून वहिनींच्या कागदात, पिटूच्या खोक्यात, भाऊच्या आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर. अक्का ओळीच्या कडेने फिरत होती. कधी हौदात पात्रं विसळ, कुठे पाणी बदल, कुठे कागद पुढे सरकव, कुठे नुसतीच उभी राहा. कुणालाही काहीही सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं. शेवटचं खोकं वर चढलं तेव्हा अप्पांनी स्वतः ट्रकचं फळकूट लावलं आणि त्यावर थाप मारली.

ट्रक वळणावर दिसेनासा झाला. पाचही जण रिकाम्या दालनात परतले आणि मिळेल त्या खोक्यावर बसले. वहिनींच्या केसांत कागदाचा कपटा होता. भाऊने तो काढला आणि परत तिथेच खोवला.

"आत्या," पिटू म्हणाली, "एक सांग. आज तू नेमकी कुठली पद्धत वापरलीस? पुस्तकात काय नाव आहे तिचं?"

"मला कुठे माहीत? पुस्तकं तू वाचलीस."

"पण आजोबांची नव्हती, बाबांची नव्हती, माझीही नव्हती."

"तिन्ही होत्या," अप्पा म्हणाले. सगळे त्यांच्याकडे वळले. ते जमिनीवरच्या खडूच्या रेघेकडे बघत होते. "फक्त कुठली कधी, ते हिला दिसत होतं. मला ते कधी दिसलं नाही. मला वाटायचं, एक सापडली की बाकीच्या चुकीच्या." मग म्हणाले, "उद्या त्या कंपनीचे लोक दहाला फोन करणार आहेत."

भाऊ अक्काकडे बघत होता. पिटू बघत नव्हती, पण तिने श्वास रोखला होता.

अक्काने तपासणीच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. ते सकाळपासून उघडंच होतं. आत आपण दिवसभर गेलो नाही, आणि जावंसंही वाटलं नाही, हे तिला आत्ता जाणवलं. जे आपल्यापाशी नाही म्हणून आपण दोन वर्षं थांबलो, ते या तिघांकडे आधीच होतं. त्यांना पाहायला कुणीतरी हवं होतं, आणि पाहणं तर तिला येत होतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मिस्त्री. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. मागे बायकापोरांचा कलकलाट होता, कुणीतरी बेसूर गात होतं.

"अक्का, घात झाला!" मिस्त्री ओरडत होते. "इथं पाण्यात उतरलो आणि एकदम आठवलं, फळ्यावर ट्रक होता. आम्ही आत्ता निघतो. बस वळवतो."

"वळवू नका. माल गेला."

"गेला? कुणी भरला?"

"आम्ही."

मिस्त्रींचा विश्वास बसेना. "अप्पांनी पण?"

"अंगठ्याने," अप्पा मोठ्याने म्हणाले.

मिस्त्रींना ते कळलं नाही, पण त्यांचा जीव भांड्यात पडला. "माफ करा, अक्का. माझी चूक झाली. पण खरं सांगू का, माझं डोकंच चालेना. फळा एक सांगतो, भाऊसाहेब दुसरं, भिंतीवर तिसरंच. माणसाने ऐकायचं कुणाचं? तुम्हीच सांगा, यापुढे असं झालं तर आम्ही विचारायचं तरी कुणाला?"

अप्पांनी मान वर केली.

"मला," अक्का म्हणाली. "उद्यापासून कारखाना मी चालवणार आहे."